नागरिकत्वाचा रखडलेला अर्ज आणि शिवाजीनगरमधील एक सल्लासेवा

शिवाजीनगरला, जिल्हा न्यायालय मेट्रो स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर, परदेशी नागरिकांच्या व्हिसाची, ओसीआयची (‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’, म्हणजे भारताशी नाते असलेल्या परदेशी नागरिकांना मिळणारे कार्ड) आणि नागरिकत्वाची कामे पाहणारे एक लहानसे कार्यालय आहे. माझ्या वहिनींच्या भारतीय नागरिकत्वाच्या अर्जासाठी आम्ही त्यांची सेवा घेतली. पुढे काही तक्रारीही येणार असल्यामुळे नाव देत नाही. अर्ज अजून प्रलंबित आहे. तरीही हा अभिप्राय आताच लिहितो आहे, कारण अशा सेवेची पारख अर्ज रखडल्यावरच होते.

वहिनी मॉरिशसच्या. त्यांचे पूर्वज कोकणातून तिकडे गेले आणि आडनाव आजही मराठी आहे, पण कायद्याला त्याचे कौतुक नाही. नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ५ मध्ये भारतीय वंशाची व्यक्ती ठरण्यासाठी स्वतःचा किंवा आईवडिलांपैकी एकाचा जन्म अविभाजित भारतात, अथवा नंतर भारतात सामील झालेल्या प्रदेशात, झालेला असावा लागतो. पणजोबा मोजले जात नाहीत. उरले दोन मार्ग. भारतीय नागरिकाशी विवाह आणि सात वर्षांचे वास्तव्य हा एक. ओसीआय कार्डधारक म्हणून पाच वर्षे पूर्ण आणि अर्जाच्या लगतपूर्वीचे बारा महिने भारतात वास्तव्य, हा दुसरा. कार्यालयातील वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत वहिनींचे जुने आणि नवे असे दोन्ही पासपोर्ट मागवून घेतले, येण्याजाण्याच्या प्रत्येक शिक्क्यावरून तारखांचा तक्ता केला आणि मगच दुसरा मार्ग सुचवला. आईच्या आजारपणामुळे वहिनींच्या मॉरिशसच्या फेऱ्या बऱ्याच झालेल्या होत्या. बारा महिन्यांच्या अटीत केंद्र सरकार विशेष परिस्थितीत फार तर तीस दिवसांची सवलत देऊ शकते. परंतु त्या सवलतीच्या भरवशावर राहण्यापेक्षा अर्जच काही महिने पुढे ढकलावा, हा त्यांचा आग्रह होता. घरात तो कोणालाच रुचला नाही. पुढे कागदपत्रांच्या छाननीत वास्तव्याबद्दल एकही शंका निघाली नाही, तेव्हा तो किती रास्त होता हे कळले.

अर्ज ऑनलाइन भरला जातो, जिल्हाधिकाऱ्यांकडून राज्य शासनाकडे आणि तेथून केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो. नागरिकत्व नियम, २००९ मध्ये जिल्हा पातळीसाठी साठ आणि राज्य पातळीसाठी तीस दिवस दिलेले आहेत. हे आकडे वाचून आम्ही मनातल्या मनात सत्यनारायणाची तारीखही ठरवली होती. वकीलबाईंनी मात्र स्पष्ट सांगितले, की पोलीस चौकशी आणि सुरक्षा अहवाल यांत प्रकरण कितीही लांबू शकते आणि ते लवकर करून देण्याचे आश्वासन कोणी पैसे घेऊन दिले, तर तेथून उठून यावे.

या सेवेचा खरा उपयोग झाला तो येथे. संकेतस्थळावरची स्थिती महिनोन्‌महिने बदलत नव्हती, तेव्हा माहिती अधिकारात विचारणा करावी असे ठरले. माहिती अधिकार कायदा, २००५ चे कलम ३ हा अधिकार नागरिकांनाच देते. म्हणजे नागरिकत्वाचा अर्ज कुठे अडकला आहे, हे ज्या व्यक्तीचा तो अर्ज आहे तिला या मार्गाने विचारता येत नाही. म्हणून अर्ज दादाच्या नावाने गेला, सोबत वहिनींचे संमतिपत्र जोडले. प्रश्नही मोजकेच ठेवले: फाईल कोणत्या टप्प्यावर आहे, ती तेथे कोणत्या तारखेला आली आणि अर्जदाराकडून कोणता कागद येणे बाकी आहे. ‘उशीर का झाला’ असा प्रश्न त्यांनी मसुद्यातून काढून टाकला, कारण हा कायदा नोंदीतील माहिती मिळवून देतो, खुलासे नव्हे. चौकशी अहवालात काय आहे हेही विचारले नाही. केंद्रीय गुप्तचर यंत्रणांना कलम २४ नुसार या कायद्यातून वगळलेले आहे. दहा रुपये शुल्काच्या त्या अर्जाला उत्तर आले आणि फाईल कोठे आहे हे प्रथमच लेखी कळले. त्याने वेग वाढला नाही, पण रोज संकेतस्थळ उघडून पाहण्याची दादाची सवय सुटली.

अजून एका बाबतीत त्यांचा सल्ला मोलाचा वाटला. मॉरिशस दुहेरी नागरिकत्व चालवून घेतो, भारत घेत नाही. त्यामुळे अर्ज मान्य होत आल्यावर मूळ नागरिकत्व सोडल्याचा पुरावा द्यावा लागतो. कंटाळून वहिनी ते आधीच उरकून टाकायच्या विचारात होत्या. सरकारकडून लेखी सूचना आल्याखेरीज पासपोर्टाला हात लावू नका, असे त्यांना बजावण्यात आले.

आता तक्रारी. फोन सहसा उचलला जात नाही, आणि ‘संध्याकाळी कळवतो’ यातील संध्याकाळ कोणती हे ठरलेले नसते. संपूर्ण शुल्क सुरुवातीलाच घेतात. वर्षानुवर्षे चालणाऱ्या कामात ते टप्प्याटप्प्याने घेणे न्याय्य ठरले असते. माहिती अधिकाराच्या अर्जाचे वेगळे पैसे लागतील हेही आधी सांगितले नव्हते. शिवाय वकीलबाई स्वतः नसतील तर मदतनिसांना फाईलमधले फारसे काही सांगता येत नाही.

ज्यांचे वास्तव्य अखंड आहे आणि कागदपत्रे नीट लावलेली आहेत, त्यांनी अर्ज स्वतः भरावा आणि येथे केवळ एका भेटीचे शुल्क देऊन तारखांचा तक्ता तपासून घ्यावा. तशी सोय आहे, पण ती आपणहून विचारावी लागते. ज्यांच्या पासपोर्टावर शिक्क्यांची गर्दी आहे, त्यांनी पूर्ण काम सोपवायला हरकत नाही, मात्र शुल्कात काय काय येते ते आधी लिहून घ्यावे.