रेडिओलॉजी की रेस्पिरेटरी थेरपी, त्यासाठी केलेल्या करिअर कौन्सेलिंगचा अनुभव (5 पैकी 2 स्टार)

माझ्या धाकट्या भावाची बारावी लातूरला झाली, नीटचे मार्क कमी पडले, आणि रिपीट करायला तो तयार नव्हता. मग घरात दोन नावं फिरायला लागली, रेडिओलॉजी टेक्नॉलॉजी (एक्सरे, सीटी, एमआरआय काढायचं काम) आणि रेस्पिरेटरी थेरपी (व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचा श्वास सांभाळायचं काम). मी स्वतः पुण्यात सीटी टेक्नॉलॉजिस्ट आहे, 11 वर्षं झाली, त्यामुळे बाबांचं म्हणणं पडलं की तू तुझ्याच लाइनचं सांगणार, बाहेरच्या कुणालातरी विचारू. मला पटलं ते. म्हणून एका कौन्सेलिंग सेंटरला गेलो, फी 3500 रुपये, नाव लिहीत नाही कारण मला भांडण नकोय, पण त्या दोन तासांत काय झालं ते सांगते, म्हणजे तुम्ही जाल तेव्हा काय विचारायचं ते तुम्हाला कळेल.

आधी चांगलं सांगते. भावाची कॉम्प्युटरवर टेस्ट घेतली, बाहेर थांबायला नीट जागा, आणि तिथल्या मॅडम भावाशी थेट बोलल्या, आमच्याशी नाही. हे फार कमी ठिकाणी होतं. आमच्याकडे मुलगा समोर बसलेला असतो आणि सगळे बापाला विचारतात याला काय आवडतं. तर त्याचे दोन स्टार.

आता पुढचं. मॅडम म्हणाल्या, "रेडिओलॉजी घे, डिग्री झाली की गावाकडे स्वतःचं सोनोग्राफी सेंटर टाकता येतं." मी तिथंच म्हणाले मॅडम असं नसतं. आपल्याकडे 1994 चा पीसीपीएनडीटी कायदा आहे, गर्भलिंग निदानाविरुद्धचा, त्याखाली सोनोग्राफी करायची ती डॉक्टरनं, तेही ठरलेली पात्रता असलेल्या, मशीनचं रजिस्ट्रेशन वेगळं, प्रत्येक गरोदर बाईच्या नोंदीचा एफ फॉर्म वेगळा. अमेरिकेत टेक्निशियन सोनोग्राफी करतात, ते बघून इथं कुणी असं सांगत असेल तर ते चुकीचं आहे, आणि एखादं गरीब घर या एका वाक्यावर शेत विकून ॲडमिशन घेऊ शकतं. मॅडम म्हणाल्या बघते. मग रेस्पिरेटरीवर आल्या तर म्हणे "ते नर्सिंगसारखंच आहे, ऑक्सिजन वगैरे लावायचं, नवीन आहे, रिस्की आहे." एवढंच. दोन वाक्यं! आणि शेवटी एका कॉलेजचं माहितीपत्रक हातात दिलं, तिथं आमच्या ओळखीनं सीट होईल म्हणाल्या. बाबा गप्प झाले. मला फार वाईट वाटलं, फीचं नाही, भाऊ ते सगळं वहीत लिहून घेत होता त्याचं.

मग मी ठरवलं की बघूनच ठरवू दे. दोन्ही विभागप्रमुखांची रीतसर परवानगी काढली, फोटो नाही, पेशंटजवळ जायचं नाही, एक दिवस माझ्याकडे सीटीला आणि एक दिवस आयसीयूत माझ्या मैत्रिणीसोबत, ती आरटी म्हणजे रेस्पिरेटरी थेरपिस्ट आहे, मणिपालला शिकलेली.

माझ्या कामाबद्दल आधी लिहिते. लोकांना वाटतं बटण दाबायचं काम. सकाळी आठपासून पेशंट चालू होतात, पोटाचा सीटी, डोक्याला मार लागलेला, मुतखडा, छातीचा, मध्येच कॅज्युअल्टीतून ॲक्सिडेंट, त्याच्या मानेला कॉलर, त्याला चौघांनी मिळून टेबलवर घ्यायचं आणि मान हलू द्यायची नाही. रक्तातलं क्रिएटिनिन बघायचं, कारण किडनी कमजोर असली तर काँट्रास्ट (फोटो स्पष्ट यावा म्हणून शिरेतून द्यायचं औषध) देण्याआधी डॉक्टरांना विचारावं लागतं, ॲलर्जी विचारायची, शीर बरोबर लागलीये का बघायचं नाहीतर औषध कातडीखाली जातं आणि हात सुजतो. मग काचेमागून "श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा." एका पेशंटला दहापंधरा मिनिटं, की पुढचा. भाऊ कन्सोलजवळ बसला होता, त्याला मशीन फार आवडलं, दुपारी त्यानं विचारलं, "ताई, सकाळच्या त्या ॲक्सिडेंटवाल्याचं पुढं काय झालं गं?" मला माहीत नव्हतं. मला कधीच माहीत नसतं. पेशंट आमच्याकडे येतो आणि जातो.

घरात सगळ्यात जास्त भीती रेडिएशनची, आईनं तर मला लग्नाआधी नोकरी सोड म्हणून सांगितलं होतं. ज्यांच्या घरात हा विषय आहे त्यांच्यासाठी नीट लिहिते. आपल्याकडे एईआरबी म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळ आहे, 1983 पासून, त्यांनी काम करणाऱ्यांसाठी मर्यादा घातलीये, पाच वर्षांची सरासरी काढून वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट (रेडिएशनच्या डोसचं माप) आणि कुठल्याही एका वर्षात 30 च्या वर नाही. छातीवर टीएलडी बॅज, म्हणजे किती रेडिएशन लागलं ते नोंदवणारा बिल्ला, लावायचा, शिशाचं ॲप्रन घातलं तर ॲप्रनच्या आत, तो तीन महिन्यांनी तपासायला जातो आणि तुमच्या नावानं आकडा येतो. सीटीत आपण शिशाच्या काचेमागे असतो. जास्त सांभाळावं लागतं ते पोर्टेबल एक्सरेत, सी-आर्मवर (ऑपरेशन चालू असताना वापरायचं एक्सरे मशीन) आणि कॅथलॅबमध्ये (हृदयाची अँजिओग्राफी होते ती खोली), तिथं ॲप्रन आणि अंतर, अंतर दुप्पट केलं तर डोस चौथाईवर येतो. मी गरोदर राहिले तेव्हा लगेच लेखी कळवलं, मला एमआरआयला दिलं, तिथं क्ष-किरण नसतात. मुलगा आता 6 वर्षांचा आहे, ठणठणीत. भीती ज्या ठिकाणी बॅजच देत नाहीत तिथली बाळगा, इंटरव्ह्यूला हा प्रश्न विचाराच.

एमआरआयचं मात्र वेगळं. मॅग्नेट कायम चालू असतो, स्कॅन चालू नसला तरी. 2018 मध्ये मुंबईत एका पेशंटचा नातेवाईक ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आत गेला, सिलिंडर मॅग्नेटनं ओढला आणि त्या तरुणाचा जीव गेला. दारात उभा राहून "थांबा, आत यायचं नाही" म्हणणारा माणूस म्हणजे आम्ही, समोर नातेवाईक कितीही चिडलेले असोत.

आता आयसीयू. भावाला मी सकाळी सोडलं ते थेट संध्याकाळी भेटला. मैत्रिणीकडे त्या दिवशी 6 व्हेंटिलेटर होते आणि दोन पेशंट बायपॅपवर (नळी न टाकता मास्कमधून श्वासाला आधार देणारं मशीन). तिचं काम नर्सिंगसारखं नाही, ती त्या आठ जणांच्या श्वासाचाच हिशोब ठेवत फिरत असते. किती श्वास, प्रत्येक श्वासाला किती हवा, किती प्रेशर, किती टक्के ऑक्सिजन. तिनं भावाला टेप दाखवली आणि सांगितलं की आम्ही पेशंटची उंची मोजतो आणि उंचीवरून हवा ठरवतो, कारण माणूस जाड झाला म्हणून फुप्फुस मोठं होत नाही, खराब झालेल्या फुप्फुसाला उंचीवरून काढलेल्या वजनाच्या किलोमागे 6 मिलिलिटरच्या आसपास ठेवतात, जास्त भरली तर मशीनच इजा करतं. भावाला हे इतकं आवडलं की रात्री जेवताना आईची उंची विचारत होता. मग एबीजी, म्हणजे रक्तातल्या वायूंची तपासणी, मनगटातल्या धमनीतून रक्त काढायचं, पीएच 7.35 ते 7.45 मध्ये आहे का, कार्बन डायऑक्साइड 35 ते 45 आहे का, त्यावरून काय बदलायचं ते डॉक्टरांशी बोलायचं. सक्शन म्हणजे नळीतून चिकटा ओढून काढणं, नेब्युलायझेशन म्हणजे वाफेसारखं औषध देणं, आणि श्वासनलिकेत टाकलेल्या नळीच्या टोकाजवळच्या फुग्याचं (त्याला कफ म्हणतात) प्रेशर. सक्शन बघताना पहिल्यांदा पोटात ढवळतं, हे मी लपवत नाही, भाऊसुद्धा पाच मिनिटं बाहेर जाऊन आला.

नळी टाकली की ती बरोबर जागी आहे का बघायला पोर्टेबल एक्सरे लागतो, नळीचं टोक श्वासनलिका जिथं दुभागते त्याच्या काही सेंटिमीटर वर पाहिजे. तेव्हा आमच्यातला एकजण मशीन ढकलत वर जातो, मैत्रीण नळी धरून उभी, आमचा माणूस एक्सरेची कॅसेट पेशंटच्या पाठीखाली सरकवतोय. दोन्ही कामं एकाच बेडवर भेटतात ती जागा हीच आणि माझ्या मते जो मुलगा या दोन्हीत गोंधळलाय त्यानं हा एक्सरे एकदा बघावा. त्यानंतर एकजण मशीन घेऊन खाली जातो आणि दुसरी तिथंच राहते. तुम्हाला कोण व्हायचंय? मला 3500 रुपयांत हा एक प्रश्न हवा होता.

पेशंटजवळ असं राहण्यात त्रासही आहे. मैत्रीण सांगते, 12 दिवस सांभाळलेला पेशंट गेला की घरी जाऊन ती बोलत नाही. 2020-21 मध्ये गावोगाव व्हेंटिलेटर आले आणि चालवणारं माणूस नव्हतं, तेव्हा तिनं डबल शिफ्ट केल्यात, अजून तिला त्या वर्षाबद्दल विचारलं तर विषय बदलते. ज्याला हे झेपणार नाही त्यानं रेडिओलॉजी घेतली तर त्यात काही कमी नाही, आमच्याकडे पण रोज कुणाचातरी जीव आमच्या फिल्मवर अवलंबून असतो.

नोकरीचं घाईघाईत सांगते. एक्सरे मशीन तालुक्याला पण असतं, उदगीर, अंबाजोगाई, बार्शी, कुठंही, सीटी सेंटर पण झालीत, रात्रीचे फोटो शहरातला डॉक्टर लांबून रिपोर्ट करतो आणि सेंटरवर टेक्नॉलॉजिस्ट एकटाच असतो. आरटीला मोठं आयसीयू लागतं, म्हणजे पुणे, मुंबई, नागपूर, नाशिक, संभाजीनगर अशी शहरं. गावी परत यायचं पक्कं असेल तर हा फरक मोठा आहे. बाहेर जायचं असेल तर उलटं बघा, ब्रिटनमध्ये रेडिओग्राफरची नोंदणी आहे पण आरटी असा वेगळा पेशाच नाही, आखाती देशांत आणि कॅनडात आरटी आहे. पगार सुरुवातीला दोन्हीकडे कमी, मी 2014 ला 11,000 वर लागले होते. 2021 च्या अलाइड हेल्थकेअर कायद्यात दोन्ही पेशे आहेत, त्यामुळे "नवीन आहे, रिस्की आहे" हे मला पटत नाही. कॉलेज बघताना एवढं विचारा की आयसीयूचे बेड किती, व्हेंटिलेटर किती, शिकवणारे स्वतः आरटी आहेत का, आणि रेडिओलॉजी असेल तर एमआरआय कॉलेजच्याच हॉस्पिटलमध्ये आहे का. कोर्स साधारण तीन वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप, ती इंटर्नशिप कुठं मिळते त्यावर अर्धं आयुष्य ठरतं.

कौन्सेलिंग सेंटरला मी सोनोग्राफीबद्दल लेखी कळवलंय, उत्तर आलं नाही, आलं तर इथं लिहीन आणि स्टार वाढवीन. फीची पावती मागून घ्या, आम्हाला तीही मिळाली नाही.

भावानं आरटीचा फॉर्म भरला. त्या दिवशी आयसीयूत एक आजोबा होते, त्यांचा व्हेंटिलेटरचा सपोर्ट कमी करून अर्धा तास स्वतःच्या श्वासावर ठेवलं होतं, मैत्रीण घड्याळ आणि त्यांची छाती बघत शेजारी उभी आणि भाऊ भिंतीला टेकून, कुणी बोलत नव्हतं. दुपारी नळी काढली. आजोबांनी पहिलं पाणी मागितलं, ते लगेच देता येत नाही, मग ओल्या कापसानं ओठ पुसले. त्याच आजोबांचा सीटी मी आठ दिवसांपूर्वी केला होता, नावही आठवत नव्हतं. ते शनिवारी घरी गेले, हे मला भावानं फोन करून सांगितलं.