चोपण रानात जिप्सम : चौदा महिन्यांनंतर

आमचं ३० गुंठ्यांचं नदीकडचं रान शिरोळ तालुक्यात आहे. सासऱ्यांच्या काळापासून त्यात ऊस होता आणि पाटाचं पाणी मोकाट सोडलेलं. रान चोपण झालं ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. भिजलं की साबणासारखं बुळबुळीत, वाळलं की कुदळ उडून येईल एवढं टणक. पावसाचं पाणी चार-चार दिवस वर तसंच उभं. माती तपासली तेव्हा सामू (पीएच) ८.९ आणि विनिमययोग्य, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेलं, सोडियम १९ टक्के निघालं. सोडियम १५ टक्क्यांच्या वर गेलं की जमीन चोपण धरतात. प्रयोगशाळेनं रान सुधारायला जिप्समची, म्हणजे कॅल्शियम सल्फेटच्या खनिजाची, गरज तीन टन काढली आणि पहिल्या वर्षी निम्मंच टाका म्हणून सांगितलं. म्हणजे ५० किलोची ३० पोती.

आमचा पीजीएसचा, म्हणजे शेतकऱ्यांनीच एकमेकांच्या सेंद्रिय शेतीची हमी द्यायची असा, गट आहे आणि त्यात आम्ही सात घरं. कोण काय टाकतं ते वहीत लिहायचं आणि एकमेकांच्या रानात जाऊन बघायचं, अशी पद्धत. जिप्सम सेंद्रियमध्ये चालतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. मात्र कुठलं जिप्सम चालतं, हे मला पहिली पोती दारात उतरल्यावर कळलं.

तालुक्याच्या गावातल्या एका दुकानातून ती आणली होती. पोत्यावर ठळक अक्षरांत ‘१०० टक्के सेंद्रिय’ छापलेलं, पण माल कुठल्या खाणीतला, शुद्धता किती, याचा एक शब्द नाही. तोंड उसवलं तर आत करडं, ओलसर, पिठासारखं बारीक. मुठीत दाबलं की लाडू वळायचा. मला शंका आली. चमचाभर माल डिस्टिल्ड वॉटरमध्ये ढवळला, निवळू दिला आणि सामूची कागदी पट्टी बुडवली. रंग ४ वर आला. खाणीतलं जिप्सम साधारण उदासीन असतं, एवढं आंबट लागत नाही. हे बहुतेक फॉस्फोजिप्सम होतं.

फॉस्फोजिप्सम म्हणजे रॉक फॉस्फेटवर, स्फुरदाच्या खडकावर, गंधकाम्ल टाकून फॉस्फोरिक आम्ल काढलं की मागं उरणारा गाळ. एक टन आम्लामागं हा गाळ जवळजवळ पाच टन निघतो, म्हणून कारखान्यांपाशी त्याचे डोंगर साठतात. चोपण सुधारण्याचं काम तोही करतो, उलट बारीक असल्यानं लवकर विरघळतो. रासायनिक शेतीत तो सर्रास वापरला जातो. पण मूळ खडकातल्या रेडियमचा मोठा भाग या गाळात उतरतो, त्याच्या जोडीला फ्लोराइड आणि थोडं कॅडमियमही येतं. अमेरिकेत १९९२ पासून शेतीसाठीच्या फॉस्फोजिप्समवर रेडियमची मर्यादा आहे, ती त्यामुळंच. शिवाय आपल्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचा, म्हणजे २००१ पासूनच्या एनपीओपीचा, नियम स्पष्ट आहे : खनिज खतं नैसर्गिक स्वरूपातच वापरायची, रासायनिक प्रक्रियेनं जास्त विद्राव्य केलेली नाहीत. कारखान्यातला गाळ या नियमात बसत नाही, मग पोत्यावर काहीही छापलेलं असू दे.

दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, “वहिनी, जिप्सम म्हणजे जिप्सम. खाण काय नि कारखाना काय.” मी पोती परत केली. पैसे परत मिळायला मात्र दीड महिना लागला. मला राग पैशांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचा आला. गटातल्या एकानं निषिद्ध माल टाकला तर प्रश्न सातही घरांचा होतो, आणि हे दुकानदाराच्या गावीही नव्हतं.

दुसरा माल एका शेतकरी कंपनीकडून आणला. राजस्थानातल्या नागौरकडचं खाणीचं जिप्सम, पांढरट-पिवळसर, हाताला कोरडं आणि खरखरीत. सोबत शुद्धतेचा दाखला होता, ७६ टक्के. शेतीच्या जिप्समसाठी भारतीय मानक ६०४६ किमान ७० टक्के मागतं. व्हिनेगर टाकून पाहिलं, जरा फसफसलं, म्हणजे थोडी चुनखडी मिसळलेली आहे. तेवढं चालतं. पण जड धातू ना व्हिनेगरनं कळतात ना कागदी पट्टीनं, म्हणून एक नमुना खाजगी प्रयोगशाळेत दिला. खत नियंत्रण आदेशात शहरी कचऱ्याच्या कंपोस्टला किलोमागं कॅडमियम ५, शिसं १०० आणि आर्सेनिक १० मिलिग्रॅम अशी मर्यादा आहे. मी तीच पट्टी जिप्समला लावली. तिन्ही आकडे बरेच खाली आले. हा खर्च एकटीला जड गेला असता, म्हणून गटात वाटून घेतला. पुढं गटातल्या तिघांनी त्याच खेपेतला माल उचलला.

मेअखेर ३० पोती विस्कटली आणि वरच्या चार-सहा इंचांत कुळवानं मिसळली. जिप्सममधलं कॅल्शियम मातीच्या कणांवर सोडियमची जागा घेतं आणि सुटलेलं सोडियम पाण्याबरोबर खाली जातं. पण ते जायला वाट पाहिजे. वरच्या २० गुंठ्यांना आम्ही कडेनं तीन फुटी चर मारला होता. खालच्या १० गुंठ्यांना जागाच नव्हती. पहिल्या पावसावर सगळीकडं धैंचा हे हिरवळीचं पीक पेरलं, दीड महिन्यानं गाडलं, आणि नोव्हेंबरात खपली गहू टोकला.

फरक दोन तुकड्यांत डोळ्यांना दिसतो. वर खपली एकसारखी उगवली आणि आता सोयाबीन उभं आहे. पाणी दीड दिवसात जिरतं. एप्रिलमध्ये तपासलं तेव्हा वरचा सामू ८.५ आणि सोडियम १४ टक्के आलं. खाली तेच जिप्सम, गुंठ्यामागं तेवढीच पोती, तरी सोडियम १८ वरच आहे. गहू ठिपक्याठिपक्यानं उगवला होता. मीठ सुटलं, पण गेलं कुठंच नाही. ज्यांना निचरा करणं जमणार नाही, त्यांनी जिप्समवर पैसे घालू नयेत असं माझं मत आहे. आणि रान नुसतं खारवट असेल, सोडियम कमी असेल, तर जिप्सम लागतच नाही. माती तपासल्याशिवाय एकही पोतं आणू नका.

गटातल्या एकानं जिप्समऐवजी रॉक फॉस्फेट टाकलं. त्याला कोकणातली तांबडी, आम्लधर्मी माती लागते, आमच्या ८ च्या वरच्या सामूत ते वर्षभर तसंच पडून राहतं. त्यातही कॅडमियम विचारावंच लागतं. युरोपीय संघाच्या २०२२ पासून लागू असलेल्या नियमात फॉस्फेट खतांना स्फुरदाच्या (P₂O₅) किलोमागं ६० मिलिग्रॅम कॅडमियमची मर्यादा आहे. एनपीओपीतही ते प्रमाणन संस्थेच्या परवानगीनंच वापरायचं असतं. शेणखत कच्चं पडलं तर एक हंगाम बिघडतो. कॅडमियम एकदा मातीत गेलं की काढायचा उपाय शेतकऱ्याच्या हातात नाही, आणि आमच्या शेजारी हळद, पालेभाज्या होतात.

आता पोत्याची चिठ्ठी, बिल आणि दाखला, तिन्ही वहीला टाचून ठेवते. बिलावर ‘खनिज जिप्सम’ आणि खाणीचा जिल्हा लिहून घेते. दुकानदार लिहायला कुरकुरला की तिथून घेत नाही.

उरलेली दीड टनाची मात्रा यंदा टाकली नाही. आधी खालच्या तुकड्याचं पाणी काढायचं. चर शेजारच्या आबांच्या बांधातून न्यावा लागेल. त्यांनी हो म्हटलंय, त्यांचा ऊस तुटला की खोदायचा.