पारेषणात चिनी कंपनी: फिलिपिन्स की ब्राझील?

वीज पारेषणात, म्हणजे उच्चदाब वाहिन्यांतून वीज दूरवर नेण्याच्या कामात, परदेशी मालकी असावी का, हा वाद ऐकताना मला स्टेट ग्रिड या चीनच्या सरकारी वीज कंपनीची दोन उदाहरणे आठवतात.

फिलिपिन्समध्ये जानेवारी 2009 पासून देशभरचे पारेषण एनजीसीपी ही खासगी कंपनी सांभाळते. तिच्यात स्टेट ग्रिडचा वाटा 40 टक्के. सार्वजनिक सेवांमधली परकीय मालकी त्या देशाच्या राज्यघटनेने तेवढ्यावरच रोखली होती. मनोरे, वाहिन्या, उपकेंद्रे यांची मालकी मात्र ट्रान्सको या सरकारी कंपनीकडेच राहिली. तरीही काळजी मिटली नाही. वीज कुठून किती वाहायची हे ठरवणारा नियंत्रण कक्षच एका कंपनीच्या हाती असेल, तर कागदावरच्या मालकीने कितीसा दिलासा मिळणार? 2019 मध्ये तिथल्या सिनेटमध्ये हाच प्रश्न गाजला.

ब्राझीलमध्ये स्टेट ग्रिड 2010 मध्ये उतरली. तिथे एकेका वाहिनीचा लिलाव होतो. वर्षाला सर्वांत कमी मोबदला मागेल त्याला 30 वर्षांचे कंत्राट. बेलो मोंते धरणाची वीज रिओकडे नेणारी, सुमारे 2,500 किलोमीटर लांबीची 800 केव्ही (किलोव्होल्ट) दाबाची डीसी (एकदिश प्रवाहाची) वाहिनी कंपनीने 2015 मध्ये अशीच जिंकली आणि 2019 मध्ये सुरू केली. (आपली चंद्रपूर–पडघे डीसी वाहिनी सुमारे 750 किलोमीटरची आहे, यावरून आवाका कळेल.) ही वाहिनी पूर्णपणे चिनी मालकीची आहे, पण कोणत्या वाहिनीतून किती वीज वाहायची हे ओएनएस ही ब्राझीलचीच संस्था ठरवते.

म्हणून मला 40 टक्क्यांच्या फिलिपिन्सपेक्षा 100 टक्क्यांचा ब्राझील अधिक सुरक्षित वाटतो.