चिमणी आधी की गटार? दोन टनी बॉयलरचा हिशेब

बॉयलरचं इंधन वाचवायला पैसा आधी कुठे घालायचा, चिमणीतून जाणाऱ्या उष्णतेवर की गटारात जाणाऱ्या गरम पाण्यावर? सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत सकाळच्या पाळीला चक्कर मारली, तर एखाद्या युनिटच्या मागच्या गटारातून वाफ निघताना दिसते. मालकाचं लक्ष मात्र चिमणीवर असतं, कारण इकॉनॉमायझर (चिमणीतल्या धुराच्या उष्णतेने बॉयलरचं पाणी तापवणारं यंत्र) विकणारा तिकडेच बोट दाखवतो.

तासाला २ टन वाफेचा, ब्रिकेटवर (शेतातल्या टाकाऊ मालाच्या दाबून केलेल्या कांड्यांवर) चालणारा बॉयलर धरू. पूर्ण लोडला तासाला साधारण ४५० किलो ब्रिकेट जातात. धूर २२० अंशांवर बाहेर पडतो. इकॉनॉमायझरने तो १६० वर आणला, तर दर २२ अंशांना एक टक्का या ढोबळ हिशेबाने पावणेतीन टक्के, म्हणजे तासाला १२ किलो ब्रिकेट वाचतील.

आता गटार. वापरलेल्या वाफेचं पाणी, म्हणजे कंडेन्सेट, ८५ अंशांचं. त्यातलं ६० टक्के परत आलं, तर फीड टँकचं, म्हणजे बॉयलरला पाणी पुरवणाऱ्या टाकीचं, पाणी ३० वरून ६३ अंशांवर जातं. हे पाणी ६ अंशांनी तापलं की एक टक्का इंधन वाचतं. इथे साडेपाच टक्के, तासाला जवळपास २५ किलो. शिवाय सॉफ्टनरच्या (पाण्याचा जडपणा काढणाऱ्या यंत्राच्या) तासाला १२०० लिटर पाण्याची बचत वेगळीच.

खर्चाचं म्हणाल, तर इकॉनॉमायझर दाबाखालचा भाग, बॉयलर कायद्यात येतो. मंजुरी, तपासणी, वर नळ्यांवर बसणारी राख साफ करणं आलंच. कंडेन्सेटला पाइप, टाकी, पंप आणि धड चालणारे स्टीम ट्रॅप (वाफ अडवून फक्त पाणी सोडणारे व्हॉल्व्ह) लागतात. पाइप किती लांब, यावर सगळं ठरतं. शेड दूर असेल तर माझं गणित उलटंही फिरेल.

एअर प्रीहीटर, म्हणजे धुराने भट्टीची हवा तापवणारं यंत्र, स्वस्तातला पर्याय. ओला बगॅस (उसाचं चिपाड) जाळणाऱ्याने जरूर बघावा. कोरड्या ब्रिकेटवाल्याला मी आग्रह करणार नाही.

हळदवाल्यांनी मात्र कंडेन्सेटच्या नादी लागू नये. शिजवायच्या ड्रममध्ये वाफ थेट सोडतात, परत आणायला काही उरतच नाही. त्यांनी चिमणीच बघावी. डेअरीत उलट, तिथे कंडेन्सेट स्वच्छ आणि भरपूर. डाईंगवाल्यांनी (कापड रंगवणाऱ्यांनी) जपून: एका युनिटमध्ये रंगाच्या टाकीतल्या वाफेच्या नळीला, म्हणजे कॉइलला, भोक पडलं आणि फीड टँकचं पाणी गुलाबी झालेलं मी पाहिलंय. परतीच्या लाइनवर टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले पदार्थ मोजणारा) लावलाच पाहिजे.

दोन्ही करायचंय? मग कंडेन्सेट आधी. गार पाणी थेट इकॉनॉमायझरला दिलं, तर धुरातल्या वाफेचं नळ्यांवर पाणी होतं आणि नळ्या गंजतात. गरम पाण्याने ते टळतं.

कोटेशन मागवण्याआधी हातमोजे घालून कंडेन्सेटच्या नळाखाली २० लिटरची बादली धरा. मिनिटात भरली, तर तासाला १२०० लिटर. आणि फीड टँक पंपापेक्षा चांगला उंच बसवा. गरम पाणी जमिनीलगतच्या टाकीतून ओढताना पंप खडखडायला लागतो.