सेवा कंपनी की जीसीसी: नवख्या अभियंत्यापुढचे दोन पर्याय

हिंजवडीत किंवा खराडीत पहिली नोकरी शोधणाऱ्या अभियंत्यापुढे मुख्यतः दोन पर्याय असतात: टीसीएस, इन्फोसिस यांसारखी, इतर कंपन्यांसाठी सॉफ्टवेअरची कामे करणारी सेवा कंपनी, अथवा एखाद्या परदेशी बँकेने वा उत्पादकाने स्वतःच्याच कामासाठी इथे उभारलेले केंद्र, ज्याला सर्रास ‘जीसीसी’ (ग्लोबल कॅपॅबिलिटी सेंटर) म्हणतात.

सेवा कंपनीची भरती ग्राहकांच्या कंत्राटांवर हलते. करोनानंतर कामे इतकी आली की माणसे पुरेनात. जून 2022 च्या तिमाहीत इन्फोसिसमध्ये नोकरी सोडण्याचे प्रमाण 28.4 टक्क्यांवर गेले. पुढे अमेरिकेत व्याजदर वाढले, ग्राहकांनी खर्चाला कात्री लावली आणि 2023-24 या आर्थिक वर्षात टीसीएसचे मनुष्यबळ 13,249 ने घटले. नवपदवीधरांचा पुरवठा मात्र आटत नाही, म्हणूनच त्यांचे सर्वसाधारण वार्षिक पॅकेज दशकभर साडेतीन लाखांच्या आसपास घुटमळत राहिले. महागाई जमेस धरली तर ते चक्क घसरले आहे, हे कॅम्पसवरच्या सादरीकरणात अर्थातच कोणी सांगत नाही.

जीसीसींची संख्या 2024 मध्ये देशात 1,700 वर गेली होती. तिथे पगार सहसा बरा असतो आणि काम मूळ कंपनीच्या स्वतःच्या प्रणालींवर असते. परंतु भरती मोजकी होते आणि बऱ्याच जाहिरातींत तीन ते पाच वर्षांचा अनुभव मागितलेला असतो, जो अनेकांना सेवा कंपनीतच मिळतो. त्यामुळे जीसीसीची ऑफर हाती नसेल तर माझ्या मते सेवा कंपनीत रुजू व्हावे, मात्र बेंचवर, म्हणजे प्रकल्पाविना, बसून न राहता क्लाउड किंवा डेटाचा प्रकल्प स्वतःहून मागून घ्यावा.