फ्लरी लावायची की स्पोर्टिंगचा राउंड?

इंग्लंडातला एक शनिवार, आठ जण, आणि बोलिंग, गो-कार्टिंग, एस्केप रूम सगळं करून झालेलं. मग कुणीतरी क्ले पिजन शूटिंगची टूम काढतं. ग्राउंडला फोन केला की पलीकडून विचारतात: स्पोर्टिंगचा राउंड हवा की फ्लरी? आपण गप्प. फरक काय, हे सांगणारं मराठीत कुणी भेटलं नाही, म्हणून हे लिहितोय. मी दोन्ही केलंय. पहिली फ्लरी आम्ही चुकीच्या क्रमाने केली, तेव्हा निदान तुमचे तरी पैसे वाचावेत.

आधी वस्तू कळू दे. क्ले म्हणजे बशीएवढी चकती, 110 मिलिमीटर व्यासाची, वजन साधारण 105 ग्रॅम. नावात माती असली तरी ती चुनखडीची भुकटी आणि डांबरासारखा पिच यांची बनते, म्हणून नीट लागली की तुकडे होत नाहीत, काळा धूर होतो. यंत्र ती हवेत भिरकावतं आणि तुम्ही दुनळी बंदुकीने ती टिपायची. काडतुसात एक गोळी नसते, शेकडो छर्रे असतात. पूर्वी चकतीच्या जागी खरी कबुतरं असत. पेटीत कोंडलेलं कबुतर दोरी ओढून सोडायचं, त्यावरून 'पुल!' ही हाक आली. 1900च्या पॅरिस ऑलिम्पिकच्या वेळी जिवंत कबुतरांवर स्पर्धा झाली होती. ब्रिटनने हा प्रकार 1921 साली कायद्याने बंद केला. कबुतर गेलं, नाव आणि हाक राहिली.

आता दोन्ही प्रकार.

स्पोर्टिंग म्हणजे रानातून फेरफटका. वाटेत थांबे असतात आणि प्रत्येक थांब्यावर क्लेची तऱ्हा निराळी. एक सशासारखा जमिनीवरून उड्या मारत जातो, एक सरळ आभाळात चढतो, एक डावीकडून उजवीकडे आडवा कापत जातो, एक समोरून येऊन डोक्यावरून जातो. एका वेळी एकानेच उभं राहायचं, 'पुल' म्हणायचं, मारायचं. इन्स्ट्रक्टर मागे असतो आणि शांतपणे सांगतो, 'मागे पडला.' नवख्याचा नेम बहुतेक वेळा क्लेच्या मागेच पडतो. क्ले जिथे दिसतो तिथे न मारता तो जिथे पोचणार आहे तिथे मारायचं, हे हातात उतरायला वेळ लागतो. जत्रेत फुगे फोडून मोठ्या झालेल्या आपल्या डोळ्याला ते पटत नाही. फुगा हलत नाही ना.

फ्लरीत शांतता वगैरे काही नाही. चार जण एका ओळीत, प्रत्येकाभोवती लोखंडी चौकट, म्हणजे बंदूक शेजाऱ्याकडे वळूच शकत नाही. भोंगा वाजतो आणि चार-पाच यंत्रांतून क्ले सुटायला लागतात, एकापाठोपाठ एक, कधी दोन-दोन, कधी मूठभर एकदम. आमच्या ग्राउंडवर अडीच मिनिटांत शंभर होते, म्हणजे दर दीड सेकंदाला एक. कुणी 'पुल' म्हणत नाही, कुणाची पाळी नसते. चौघांनी मिळून किती फोडले तेवढाच आकडा. काही ठिकाणी यालाच टीम फ्लश म्हणतात. यंत्रं, माणसं आणि क्ले प्रत्येक ग्राउंडवर कमी-जास्त असतात.

ऑलिम्पिकमध्येही आता सांघिक प्रकार आहे, पण तो वेगळाच. पॅरिसला 2024 साली स्कीट या क्ले शूटिंगच्याच एका प्रकाराच्या मिश्र सांघिक स्पर्धेत महेश्वरी चौहान आणि अनंतजीत सिंग नारुका यांचं कांस्य चीनविरुद्ध 44-43 असं एका क्लेने हुकलं. तो एक कुणाचा चुकला हे जगाला दिसतं, कारण तिथे दोघं पाळीपाळीने मारतात आणि गुण जोडले जातात. फ्लरीत कुणाचा चुकला हे देवालाही कळत नाही.

यातच निम्मा निर्णय आहे. आपल्या गटात एखादा तरी असतो ज्याला सगळ्यांच्या देखत चुकायची धास्ती. स्पोर्टिंगमध्ये त्याच्या पाठीशी सात जण हाताची घडी घालून उभे असतात, एक जण फोनवर व्हिडिओ काढत असतो, आणि सहा क्ले लागोपाठ सुखरूप निघून जातात. माझ्या मित्राची बायको स्पोर्टिंगला अशीच हिरमुसली. 'मला चहा घेऊ दे, तुम्ही चालू द्या,' म्हणून जी बाकावर बसली ती उठलीच नाही. फ्लरीत तीच वहिनी दुसऱ्या पिंजऱ्यात उभी होती आणि बाहेर आल्यावर छातीठोकपणे सांगत होती की तो शेवटचा जोड तिनेच उडवला. तिसऱ्या पिंजऱ्यातलाही हेच सांगत होता. दोघंही खरं बोलत असतील.

पण हीच गोष्ट उलटीही लागते. आयुष्यातला पहिला फुटलेला क्ले आपला आहे हे ठामपणे कळायला हवं. त्या धुराच्या ढगाकडे बघून तोंडाचा जो आ होतो तो फ्लरीत होत नाही, कारण तोवर पुढचे दोन आलेले असतात. आम्ही थेट फ्लरीपासून सुरुवात केली ही आमची चूक. बंदूक कशी धरायची हे पाच मिनिटांत ऐकलं आणि उभे राहिलो. चौघांनाही सगळ्यात सोपा, समोरून संथ येणारा क्लेच दिसायचा. चौघं त्यालाच मारायचे, आणि चौघांच्या बंदुका एकदम रिकाम्या. मग सगळे माना खाली घालून खिशात काडतुसं चाचपतायत आणि वरून क्लेची वरात निवांत चाललीय. शंभरपैकी 31.

दुसऱ्या वेळी आकडा 54 झाला. नेम एवढा सुधारला म्हणाल तर नाही. काका आले होते.

काका कणकवलीकडचे. रानडुकरं आणि माकडं यांच्यापायी तिकडे शेतकऱ्यांकडे पीक संरक्षणाचा परवाना आणि ठासणीची बंदूक असते, तशी त्यांच्याकडेही वर्षानुवर्षं होती. खांदा दुखरा म्हणून मारायला नको म्हणाले. पण आमची तारांबळ कशी झाली ते ऐकून म्हणाले, 'ठासणीच्या बंदुकीक दुसरो बार नसता. पयलो चुकलो काय डुकर कुळीथ खावन मोकळो. मारण्यापेक्षा भरूचा कसा तां बघा.'

त्यांना ठाऊक नव्हतं, पण इकडे या कामाला माणूसच असतो, त्याला स्टफर म्हणतात. आम्ही ग्राउंडवर विचारलं, आमच्यातलेच चार जण भरायला उभे राहिले तर चालेल का? चालेल म्हणाले, पण आधी खोट्या काडतुसांवर दहा मिनिटं सराव. सराव असा: मारणारा बार काढून बंदूक उघडतो, रिकामी काडतुसं उसळून मागे जातात, म्हणून भरणाऱ्याने डोकं त्या रेषेत आणायचं नाही. तो बाजूला, किंचित मागे. उजव्या हाताच्या बोटांच्या बेचक्यांत दोन काडतुसं आधीच धरलेली, पितळी बूड वर. नळ्या उघडल्या की दोन्ही एकदम आत, अंगठ्याने ढकलून, आणि हात बाहेर. मारणाऱ्याने नळ्या वर न उचलता दस्ता वर आणून बंदूक मिटायची, म्हणजे तोंड पुढे जमिनीकडेच राहतं. काकांचा हात तिसऱ्या खेपेला असा बसला की मला नजर क्लेवरून काढावीच लागेना. मी उघडायचो, टक-टक असा आवाज यायचा, मी मिटायचो.

आणि आकाश वाटून घेतलं. चौघांत चार पट्टे, शेजारच्या पट्ट्यात कितीही सोपा क्ले दिसला तरी हात लावायचा नाही. त्याशिवाय एक आणि तीन एका लयीत, दोन आणि चार दुसऱ्या, म्हणजे एक जोडी भरत असताना दुसरीच्या बंदुका मिटलेल्या. हे कागदावर छान वाटतं. प्रत्यक्षात पहिलं मिनिट टिकलं, मग सगळे हातघाईवर आले. तरी 54.

म्हणून आठ जण हा आकडा फ्लरीला अगदी बेतशीर. चार मारतात, चार भरतात, मग अदलाबदल, आणि कुणी बाकावर बसत नाही. स्पोर्टिंगला आठ जण म्हणजे सात जणांची प्रतीक्षा. तिथे चार-चारचे दोन गट आणि दोन इन्स्ट्रक्टर मागा, नाहीतर तिसऱ्या थांब्यापर्यंत मंडळी ऑफिसच्या गप्पांवर येतात. उलट तुम्ही दोघं-तिघंच असाल तर फ्लरीचा विचार सोडा. खर्च अंगावर येईल आणि मजा निम्मी.

पैशांचं गणितही सांगतो. दर ग्राउंडप्रमाणे बदलतात, म्हणून आकडे देत नाही, पण चाल सगळीकडे सारखी. स्पोर्टिंगमध्ये मारलेल्या क्लेचेच पैसे; क्ले पंचवीस किंवा पन्नास, आणि ते दीड-दोन तास पुरतात. फ्लरीत शंभर क्लेपैकी तीसेकांकडे कुणी बंदूकही वळवत नाही, ते फुकट उडतात, पैसे मात्र तुमचेच. त्यावर काडतुसं. मी अडीच मिनिटांत छत्तीस जाळली. मिनिटाच्या भावाने बघितलं तर हा दिवाळीतल्या लवंगीच्या माळेसारखा खर्च आहे.

खांद्याचंही तसंच. पन्नास धक्के दोन तासांत विभागून बसले तर काही वाटत नाही. छत्तीस अडीच मिनिटांत बसले, त्यात घाईने दस्ता खांद्याच्या खोबणीऐवजी दंडावर टेकला, तर दुसऱ्या दिवशी वांग्याच्या रंगाचा डाग दिसतो. बुकिंग करतानाच 21 ग्रॅमची काडतुसं मागा, ती सौम्य असतात. नळ्या तापतात, पुढचा हात लाकडावरच ठेवा. गळाबंद कपडा आणि पुढे झाप असलेली टोपी घाला. लांब केस बांधा, ओढणी गाडीत ठेवा. कानाचं आणि डोळ्यांचं संरक्षण ग्राउंडवर मिळतं.

एक गोष्ट दोन्हीकडे आधी तपासून घ्या: तुमचा कोणता डोळा जबर आहे. दोन्ही हात पुढे करून पंजांमध्ये छोटी खिडकी करा, त्यातून लांबच्या झाडाकडे बघा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला झाड दिसत राहतं तो जबर. उजव्या खांद्याने मारणाऱ्याचा डावा डोळा जबर निघाला तर तो दिवसभर चुकत राहतो आणि स्वतःला दोष देतो. स्पोर्टिंगमध्ये इन्स्ट्रक्टर हे दोन बारांत ओळखतो. फ्लरीच्या गदारोळात त्याचं कुणाला ऐकूच जात नाही, सूचना खांद्यावर थाप मारून द्यावी लागते.

सुरक्षेवर घासाघीस नको. फ्लरीत नवख्या माणसामागे एकास एक इन्स्ट्रक्टर हवा. 'चौघांत एक पुरतो' असं उत्तर मिळालं तर दुसरं ग्राउंड बघा. थांबायची खूण काय, आणि ती झाल्यावर सगळ्यांनी बंदुका उघडायच्या, हे सुरू होण्याआधी सर्वांकडून वदवून घेतात की नाही, तेही विचारा.

परवान्याची चिंता बहुतेकांना असते. ब्रिटनमध्ये पोलिसांनी मान्य केलेल्या ग्राउंडवर क्लेवर मारण्यासाठी स्वतःचं शॉटगन सर्टिफिकेट लागत नाही, 1968च्या कायद्यातच ती सवलत आहे. भारतातून आलेल्या पाहुण्यालाही ती लागू पडते. तीन महिने किंवा त्याहून जास्त शिक्षा झालेल्यांना मात्र बंदी आहे. फोटोचं ओळखपत्र जवळ असू द्या. भारतात हौसेखातर एखाद्या शनिवारी जाऊन असं मारता येत नाही. तिथे हा खेळ परवाना, रायफल क्लब आणि स्पर्धांच्या वाटेनेच जातो.

आणखी दोन नावं फोनवर कानावर पडतील. स्कीट, म्हणजे अर्धवर्तुळावर फिरत तेच ते क्ले पुन्हापुन्हा. शिकायला उत्तम, सहलीला रटाळ. आणि सिम्युलेटेड डे, म्हणजे न्याहारीपासून जेवणापर्यंत दिवसभराची फ्लरी, ट्वीडच्या कोटांसकट. पहिल्या वर्षी तिकडे फिरकू नका, खिसा आणि खांदा दोन्ही जातील.

तर माझं मत. कुणालाच आधीचा अनुभव नसेल तर निव्वळ फ्लरी घेऊ नका, आणि गट मोठा असेल तर निव्वळ स्पोर्टिंगही नको. सकाळी प्रत्येकी पंचवीस क्ले दोन गटांत, चहा, मग दोन फ्लऱ्या, मधे अदलाबदल. दोन का, तर पहिलीत फक्त घाबरायचं असतं. एकालाच हा छंद पुढे न्यायचा असेल तर त्याने फ्लरीचे पैसे वाचवून इन्स्ट्रक्टरचा एक तास घ्यावा.

आम्ही पुढचं बुकिंग असंच केलंय. तारीख मात्र हवामान बघून ठरली नाही. काकांचं परतीचं विमान 14 तारखेला आहे, म्हणून 12चा शनिवार.