‘८० वस्तूंची’ गरीची डबी मागवण्याआधी हे वाचा

आमची लहान होडी दाभोळच्या खाडीत असते. ओहोटीला इंजिन बंद पडून चिखलात रुतलो, तर भरती येईपर्यंत सहा तास तिथेच. म्हणून पाणी, टॉर्च, शिट्टीबरोबर गरवायची, म्हणजे गळाने मासे पकडायची, एक छोटी डबी होडीत कायमची ठेवायची ठरवली.

मोबाईलवर जाहिरात दिसली. ‘८० वस्तू, १८ आमिषं, अस्सल पितळी चमचे, ९ किलो ताकदीचा तंगूस’. चमचे म्हणजे चमच्याच्या आकाराची धातूची आमिषं, तंगूस म्हणजे गळाचा दोरा. किंमत १,४९९, पैसे माल हातात आल्यावर. मागवली.

मोजल्या तर ८० भरल्या. पण त्यात शिशाचे मणीच ४०! पितळी म्हटलेल्या चमच्यांना लोहचुंबक चिकटला, म्हणजे पत्र्याला नुसता मुलामा. रबरी मासे डबीच्या झाकणाला विरघळून चिकटलेले. मऊ प्लॅस्टिकची आमिषं भलत्या डबीत ठेवली की असं होतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. तरी एका रविवारी काकांना घेऊन खडकावर गेलो.

रॉड नाही, हातानेच फेकायचं. बहुतेक आमिषं तीन-चार ग्रॅमची, ती चार वावांपलीकडे जाईनात. शेवटी त्यातल्या त्यात जड चमच्याला तांबोशी लागली. दोन हिसके दिले आणि तंगूस सैल पडला. वर काढून बघतो तर गळ तारेसारखा सरळ झालेला. काकांनी उरलेले गळ एकेक करून अंगठ्याच्या नखावर ओढले. धारदार गळ नखात रुततो. हे सगळे घसरत गेले. घरी येऊन पाच लिटरचा भरलेला कॅन तंगूसाला टांगला. उचलताक्षणी तुटला. नऊ किलो म्हणे!

विक्रेत्याला फोन केला. ‘वापरलेला माल परत घेत नाही’ एवढंच उत्तर, नंतर नंबर बंद. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार केली. पण जाहिरातीत विक्रेत्याचा पत्ता नव्हता आणि पार्सलवर फक्त कुरिअरच्या गोदामाचा. पैसे गेले ते गेले. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रेत्याचं नाव-पत्ता दाखवणं बंधनकारक आहे. तो दिसत नसेल तर पुढे जाऊच नका, आणि पार्सल फोडताना व्हिडिओ काढा.

आता होडीत १० ते १५ ग्रॅमचे दोन खरे पितळी चमचे, दोन जिग (डोक्याला शिसं ओतलेले गळ), सुटे गळ आणि ०.५० मिमीचा तंगूस लाकडी फळीला गुंडाळलेला आहे. बंदरावरच्या दुकानात प्रत्येक गळ नखावर घासून घेतला.

गेल्या आठवड्यात पुतण्याने एक लिंक पाठवली, ‘काका, घेऊ का?’ नाव वेगळं, किंमत ९९९, फोटो तोच. मी त्याला माझी डबी पाठवून दिली, सरळ झालेल्या गळासकट.